जुना एलटीओ-६ टेप ड्राइव्ह घ्यावा का? (डेबियन, ३५ टीबी, घरगुती बजेट)

सारंग_पु (सोम, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचं दोघांचं छोटं व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे. लग्नं, संस्थांचे माहितीपट, अधूनमधून एखादी जाहिरात. गिऱ्हाईक मूळ फुटेज कधी परत मागेल याचा नेम नाही, म्हणून काहीच पुसत नाही. डेबियन लिनक्सवरच्या झेडएफएस (फाइल सिस्टिम) सर्व्हरवर आत्ता साधारण ३५ टीबी आहे आणि वाढतंच आहे. दुसरी प्रत सुट्या हार्डडिस्कवर, कपाटात. त्यातल्या काही डिस्क वर्ष-दीड वर्षाने लावल्या की नुसत्या टकटक करतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ओळखीच्या विक्रेत्याकडे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला एलटीओ-६ ड्राइव्ह (फितीच्या कार्ट्रिजवर बॅकअप घेणारा, सहाव्या पिढीचा) आलाय. सर्व्हरच्या बाहेर ठेवायचा, सॅस जोडणीवाला. कार्ड आणि केबलसकट ४५ हजार म्हणतोय. ताज्या पिढीचा कोरा ड्राइव्ह काही लाखांत जातो, तो विषयच नको.

हा वेडेपणा आहे का? लिनक्सवर साधं टार (फाइली एकत्र बांधणारी कमांड) चालेल की वेगळं काही लागेल? आणि दुकानात उभ्या उभ्या ड्राइव्ह तपासायचा कसा?

चक्रम_शेट (सोम, रात्री १०:५२)

वेडेपणाच आहे, पण उच्च प्रतीचा. घेऊन टाक. नाहीच चालला तर ४५ हजारांचा पेपरवेट.

ढगवाले_बापू (सोम, रात्री ११:०५)

कशाला नसता उद्योग? क्लाउडच्या सगळ्यात खालच्या, थंड कप्प्यात टाकून मोकळा हो. महिन्याचं भाडं भरायचं, बाकी चिंता त्यांची.

सारंग_पु (सोम, रात्री ११:२०)

बापू, तेही बघितलं. लाइन १०० एमबीपीएसची आहे, तीही वर चढवताना पूर्ण मिळाली तर. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. ३५ टीबी चढवायला न थांबता महिनाभर लागेल. तोवर लग्नसराई संपून नवीन फुटेज आलेलं असेल.

ढगवाले_बापू (सोम, रात्री ११:२८)

हम्म. आणि परत मागवताना वेगळे पैसे पडतात हेही खरं. ॲमेझॉनच्या अशा थंड कप्प्यातून, डीप आर्काइव्हमधून, फाइल हाताशी यायला १२ तास, स्वस्तातला पर्याय घेतला तर ४८ तासांपर्यंत. बरं, मी मागे बसून ऐकतो.

मिडनाइट_क्रॉन (मंगळ, पहाटे १:१५)

पोटापाण्यासाठी टेप सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. एलटीओ-६ च्या एका कार्ट्रिजवर २.५ टीबी मावतं. खोक्यावर ६.२५ छापलेलं असतं ते कॉम्प्रेशन धरून. तुझं फुटेज कॅमेऱ्यातूनच दाबून आलेलं असतं, ड्राइव्ह त्याला आणखी काय दाबणार? ३५ टीबीला १४ कार्ट्रिज. संच दोन हवेत, म्हणजे २८. पूर्ण वेग १६० एमबी/सेकंद, त्या वेगात एक कार्ट्रिज भरायला चार तास वीस मिनिटं. एक संच भरायला साठ तासांच्या वर, आणि कार्ट्रिज बदलणारा माणूस तूच.

खरी मेख पुढे आहे. टेप ड्राइव्हला डेटा सतत लागतो. आत ८४६ मीटर फीत आहे, आणि एक कार्ट्रिज भरताना ती १३६ वेळा या टोकापासून त्या टोकाला जाते. डेटा यायला उशीर झाला की ड्राइव्ह वेग कमी करून बघतो. पण या पिढीत साधारण ५० एमबी/सेकंदाच्या खाली त्याला जाता येत नाही. मग फीत थांबते, थोडी मागे येते, पुन्हा वेग घेते, पुन्हा थांबते. खर्र-खट्, खर्र-खट् असा आवाज यायला लागला की समजायचं, टेप आणि हेड दोन्ही झिजतायत. लोक म्हणतात ड्राइव्ह मंद आहे. मंद असते ती डिस्क. मोठ्या व्हिडिओ फाइल झेडएफएसवरून छान धावतात. मार खायला लावतात ते प्रोजेक्टच्या फोल्डरमधले हजारो थंबनेल आणि कॅशेच्या बारक्या फाइल. त्या आधी बाजूला काढ.

उपाय म्हणजे एमबफर, डेटा रॅममध्ये साठवून एकसारखा पुढे सोडणारा प्रोग्रॅम. टार आणि टेपच्या मध्ये तो बसवायचा, ४ जीबी रॅम द्यायची आणि ८० टक्के भरल्याशिवाय लिहायला लागू नकोस असं सांगायचं. टारचा ब्लॉक मुळात १० केबीचा असतो, तो अगदीच लहान. -बी ५१२ दिलं की २५६ केबीचा होतो. मध्ये एमबफर असेल तर टेपवर प्रत्यक्ष तो लिहितो, म्हणून ब्लॉकचा हाच आकार त्यालाही सांगावा लागतो. टेप हाताळायच्या एमटी कमांडने ‘एमटी सेटबीएलके ०’ करून ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकवर ठेव, नाहीतर वाचताना भलत्याच एरर येतात आणि माणूस टेपला दोष देत बसतो.

डेबियनवर एमटी ही कमांड सीपीआयओच्या पॅकेजातूनही येते. तिला निम्मे पर्याय कळत नाहीत. एमटी-एसटी हे पॅकेज वेगळं टाकून घे.

आणि ड्राइव्हची लिनक्समध्ये दोन नावं असतात. त्यातलं /डेव्ह/एसटी० वापरायचंच नाही. /डेव्ह/एनएसटी० वापरायचं. पहिल्यात काम संपलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, दुसऱ्यात जिथल्या तिथे थांबते. यावर कुणीतरी किस्सा सांगेलच.

दुकानात कसं तपासायचं ते उद्या लिहितो, झोप आली.

चक्रम_शेट (मंगळ, सकाळी ८:०२)

एमटी-सेटबीएलके-शून्य, टार-बी-पाचशेबारा... देवनागरीत कमांड वाचल्या की आंघोळ करून बसावंसं वाटतं.

अनुस्वार (मंगळ, सकाळी ८:३०)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). क्रॉनचा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली).

निवृत्त_नाना (मंगळ, सकाळी ११:१०)

किस्सा मी सांगतो.

साल नव्वदीच्या मधलं. आमच्या बँकेच्या शाखेत (नाव नको) एससीओ युनिक्स होतं. एक ४८६, त्याला चार-सहा डंब टर्मिनल, आणि बॅकअपला क्यूआयसी-१५० कार्ट्रिज. १५० एमबी, हसू नका, सगळी शाखा त्यात मावायची. खाली ॲल्युमिनियमची जाड पाटी, वर पारदर्शक झाकण, आत पट्टा आणि चाकं फिरताना दिसायची. नवीन कार्ट्रिज आली की आधी टेप रिटेन करून ती एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून ताण सारखा करायचा. डे-एंड झाला की रोजची कार्ट्रिज लावायची. सोमवार ते शनिवार, सहा कार्ट्रिज, प्रत्येकीवर वार लिहिलेला. रात्रीची कार्ट्रिज तिजोरीत, आठवड्याची एक शेजारच्या शाखेत.

बॅकअपची स्क्रिप्ट वरून आलेली. त्यात टारच्या दोन ओळी: आधी लेजर (खातेवही), मग ग्राहकांची मास्टर फाइल. दोन्ही /डेव्ह/आरसीटी० वर. पडद्यावर फाइलींची नावं सरसर जायची, शेवटी प्रॉम्प्ट यायचा, आम्ही रजिस्टरात सही करून घरी. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी बुधवारची कार्ट्रिज उचलली आणि म्हणाले, ‘यात काय आहे ते वाचून दाखवा.’ ‘टार टीव्ही’ (आतल्या फाइलींची यादी दाखवायची कमांड) केलं. मास्टर फाइल आली, संपलं. लेजर नाहीच. मंगळवारची लावली, तेच. पहिलं टार लेजर लिहायचं, टेप गुंडाळली जायची, दुसरं टार त्याच्याच डोक्यावर मास्टर लिहायचं. कित्येक महिने.

त्या काळात सर्व्हरची डिस्क उडाली नाही, हे आमचं नशीब. आरसीटी० च्या आधी ‘एन’ लावला आणि काम झालं. पण त्या साहेबांनी जाताना रजिस्टरात नवा रकाना आखून दिला: ‘वाचून पाहिले, सही’. आम्ही त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर मी जिथे जिथे बदलून गेलो तिथे तो रकाना स्वतः आखला.

सारंग, त्या ड्राइव्हचं हेड आम्ही बडवर स्पिरिट लावून पुसायचो. एलटीओला ते चालतं का, हे क्रॉन सांगतील.

मिडनाइट_क्रॉन (मंगळ, दुपारी १:४०)

नाना, अजिबात नाही! एलटीओचं हेड हाताने पुसायचं नसतं. क्लीनिंग कार्ट्रिज मिळते, घातली की ड्राइव्ह स्वतः ओळखतो, साफ करतो, बाहेर टाकतो. तीही ड्राइव्हने मागितल्यावरच. दर रविवारी उत्साहाने साफ केलं तर हेडच घासलं जातं.

नानांच्या किश्श्याला एक पुरवणी. टेपवर मध्येच काही लिहिलं की त्याच्या पुढचं सगळं गेलं असं धरायचं. समजा पाच टार एकामागे एक आहेत आणि तू दुसऱ्यावर जाऊन नवीन लिहिलंस, तर तिसरं, चौथं, पाचवं भौतिकदृष्ट्या फितीवर असेलही, पण डेटा इथे संपला अशी खूण ड्राइव्ह करून ठेवतो आणि त्यापुढे तो जात नाही. म्हणून भर घालताना आधी एमटी ईओडी (डेटाच्या शेवटाला जा), मगच टार. कार्ट्रिज भरली की तिच्या कोपऱ्यातली लाल कडी सरकवून लिहिणं बंद करून टाकायचं.

उंटावरचा_शहाणा (मंगळ, दुपारी ३:०५)

सगळे टेपच्या आरत्या ओवाळताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

३५ टीबीला २० टीबीच्या दोन डिस्क लागतात. दोनच. आणखी एक प्रत हवी तर चार. लावल्या, आरसिंक (प्रत काढायची कमांड) मारलं, काढल्या. कार्ड नको, केबल नको, २८ कार्ट्रिज नकोत, साठ तास पहारा नको. हवी ती फाइल लगेच मिळते. टेपवर शेवटच्या टोकाची फाइल शोधायला मिनिट-दीड मिनिट नुसती फीत पळते. शिवाय जुना ड्राइव्ह मेला की हातातल्या २८ कार्ट्रिज म्हणजे २८ बंद डब्या. डिस्क मेली तर एक डिस्क जाते. ड्राइव्ह मेला तर सगळ्याच कार्ट्रिजना कुलूप. ड्राइव्ह बनवणाऱ्यांनी मागच्या पिढ्यांचं काय केलं तेही बघा. पूर्वी नियम होता की दोन पिढ्या मागचं वाचता येईल. एलटीओ-८ ने तो मोडला, तो फक्त ७ वाचतो. म्हणजे सारंगच्या कार्ट्रिज एलटीओ-७ च्या ड्राइव्हपर्यंतच वाचता येणार, त्यापुढे नाही.

मोठ्या संस्थांना टेप परवडते कारण तिथे शेकडो कार्ट्रिजमागे एक ड्राइव्ह असतो. दोन माणसांच्या धंद्याला नाही.

मिडनाइट_क्रॉन (मंगळ, दुपारी ४:२०)

शहाण्यांशी बरंचसं सहमत. ३५ टीबी ही कुंपणावरची संख्या आहे. दहा टीबी असतं तर मीही डिस्कच घे म्हटलं असतं. पण तो म्हणतोय की वाढतंय आणि पुसत नाही. डिस्कमध्ये प्रत्येक वाढीव टीबीसाठी मोटर, हेड, सर्किट पुन्हा विकत घेतोस. टेपमध्ये फक्त फीत. शंभर टीबीला पोचला की पारडं फिरतं.

दुसरं, कपाटातली डिस्क टकटक करते हे त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. कार्ट्रिजच्या आत मोटर नाही. हातातून पडलीच तर निदान काय बिघडलं ते समजायला मार्ग असतो.

ड्राइव्ह मेला तर? दुसरा जुना एलटीओ-६ किंवा ७ शोधायचा. आज बाजारात दोन्ही भरपूर आहेत. पुढे नसतील, म्हणून ७ संपायच्या आत सगळं पुढच्या पिढीवर हलवायचं. टेपवाल्यांच्या आयुष्यात हे चालूच असतं, त्याला इलाज नाही.

रेवदंडेकर (मंगळ, संध्या ६:३०)

तुम्ही सगळे ड्राइव्हवर बोलताय, हवेवर कुणी बोलत नाही.

आमच्याकडे अष्टमीपासून दिवाळीपर्यंत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही पांढरी बुरशी येते. काकांच्या लग्नाच्या मिनीडीव्ही कॅसेट त्याच कपाटात होत्या, खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरे ठिपके. एलटीओच्या माहितीपत्रकात दीर्घ साठवणीला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली असते. कोकणात जुलैमध्ये ५० टक्के आर्द्रता म्हणजे बातमी होईल.

तर दुसरा संच ‘गावच्या घरी ठेवतो’ असं कुणी म्हणणार असेल तर दहादा विचार करा.

गोंयकार_बाब (मंगळ, संध्या ६:४१)

रेवदंड्याची हवा काहीच नाही, पणजीत एकदा जुलै काढून बघा. आमच्याकडे कपाटात रात्रंदिवस दिवा लावून ठेवतात.

माधवी_टी (मंगळ, रात्री ९:१५)

आमच्या लॅबमध्ये टेप आहे, म्हणून थोडी भर.

रेवदंडेकर, मिनीडीव्हीची फीत आणि एलटीओची फीत वेगळी. एलटीओ-७ पासून फितीवर बेरियम फेराइट असतं. ते मुळातच ऑक्साइड, त्यामुळे जुन्या धातुकणांच्या फितीसारखं गंजत नाही. एलटीओ-६ मध्ये दोन्ही प्रकार निघाले, घेताना बेरियम फेराइटवाली मागून घ्या. पण आर्द्रतेचा मुद्दा तरीही शंभर टक्के बरोबर. आम्ही हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातलं आर्द्रता दाखवणारं घड्याळ ठेवतो. एसीच्या खोलीतली कार्ट्रिज बाहेरच्या दमट हवेत आणली की निदान एक दिवस तशीच ठेवून मग ड्राइव्हमध्ये घाला.

सॉफ्टवेअरबद्दल: आमच्याकडे अमांडा आहे. ती मेरीलँड विद्यापीठात तयार झाली. आज कुणाचा पूर्ण बॅकअप घ्यायचा, कुणाचा फक्त बदललेला भाग, हे ती स्वतः ठरवून रोजचा भार सारखा ठेवते. बॅक्युला किंवा तिची बारेओस ही शाखा जास्त ताकदवान, पण कॅटलॉगचा डेटाबेस सांभाळावा लागतो, आणि त्या डेटाबेसचाही बॅकअप घ्यावा लागतो. सारंगचं काम एका सर्व्हरचं आहे, फुटेज एकदा आलं की बदलत नाही. त्याला यातलं काहीच नको. टार किंवा एलटीएफएस.

झेडएफएस सेंडचा (सगळा डेटा एका सलग प्रवाहात पाठवणारी कमांड) प्रवाह मात्र थेट टेपवर टाकू नका. मोह होतो, कारण एका ओळीत काम होतं. पण वाचताना मध्ये एक बिट जरी चुकलं तरी रिसिव्ह सगळा प्रवाह नाकारतो. टारमध्ये एक फाइल खराब झाली तर पुढच्या वाचता येतात. त्याच कारणासाठी टारला -झेड लावून जीझिप करू नका. व्हिडिओत जागा तर वाचत नाहीच. वर जीझिप लावलं की अनेक कार्ट्रिजवर पसरणारा टारचा -एम पर्यायही चालत नाही.

सारंग_पु (मंगळ, रात्री ९:४०)

एलटीएफएस म्हणजे टेप पेन ड्राइव्हसारखी दिसते तेच ना? मग टार कशाला?

अनुस्वार (मंगळ, रात्री ९:५८)

दिसते पेन ड्राइव्हसारखी, वागते टेपसारखी. एकदा फाइल मॅनेजरने थंबनेल काढायला सुरुवात केली की फीत वेड्यासारखी पळायला लागते. आतली फाइल पुसली तरी जागा परत मिळत नाही.

माधवी_टी (मंगळ, रात्री १०:१०)

तरीही व्हिडिओवाल्यांत ते लोकप्रिय आहे, कारण गिऱ्हाईकाकडे मॅक असला तरी कार्ट्रिज तशीच देता येते. टेपचे दोन भाग करून एका छोट्या भागात अनुक्रमणिका ठेवतात. ही सोय एलटीओ-५ पासून आली. अनुक्रमणिका अनमाउंट करताना किंवा ठराविक वेळाने लिहिली जाते. मध्येच लाईट गेली तर एलटीएफएससीके ही दुरुस्तीची कमांड चालवून ती पुन्हा जुळवत बसावं लागतं. यूपीएस नसेल तर टारच बरं.

फ्रीबीएसडी_भक्त (मंगळ, रात्री १०:२२)

लिनक्सवाल्यांनो, आमच्याकडे /डेव्ह/एनएसए०. एक अक्षर वेगळं आणि मॅन पान (कमांडची माहिती) वाचण्याजोगं.

चक्रम_शेट (मंगळ, रात्री १०:२४)

आला! कुणीतरी धागा कुलूपबंद करा.

बे_एरियातला_बंड्या (बुध, पहाटे ५:३५)

शहाण्यांच्या ‘मोठ्या संस्था’ मुद्द्यावरून आठवलं. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही लोकांचे मेल अचानक गायब झाले होते. टक्केवारी किरकोळ, ०.०२ टक्के, पण माणसं हजारो. साठवणीच्या सॉफ्टवेअरमधला दोष होता. गंमत म्हणजे वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये अनेक प्रती होत्या आणि त्या दोषाने सगळीकडचे मेल उडवले. परत आणले ते टेपवरून. टेप त्या वेळी कुठेच जोडलेली नव्हती, म्हणून वाचली.

आरसिंकने चालू डिस्कवर प्रत काढणाऱ्यांसाठी हे आहे. रॅन्समवेअर आलं तर सर्व्हरला जोडलेली डिस्कही जाते. शेल्फवरच्या कार्ट्रिजला कुणी हॅक करू शकत नाही.

आणि उलट बाजूचं उदाहरणही देतो. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअपचे मार्ग अनेक होते. रोजचा डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) आवृत्ती न जुळल्याने कधीपासून निकामी होत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. साधारण सहा तासांचा डेटा गेला. नानांच्या साहेबांचा रकाना तिथे असता तर!

निवृत्त_नाना (बुध, सकाळी ९:००)

साहेब हयात असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

उंटावरचा_शहाणा (बुध, सकाळी ९:४५)

बंड्या, आरसिंक झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवली तर तीही कुठेच जोडलेली नसते. वेगळेपणा हा टेपचा गुण नाही, सवयीचा आहे.

बे_एरियातला_बंड्या (बुध, सकाळी १०:१०)

मान्य. पण डिस्क जोडलेली ठेवायचा आळस होतो. कार्ट्रिज भरली की ती काढून दुसरी घालावीच लागते, आळसालाही जागा नाही.

मिडनाइट_क्रॉन (बुध, दुपारी १२:३०)

दुकानात तपासायचं राहिलं होतं. लिनक्सवाला लॅपटॉप सॅस कार्डाला जोडता येणार नाही, म्हणून विक्रेत्याकडे कार्ड बसवलेलं मशीन असेल का ते आधी विचार. स्वतःची एक कोरी कार्ट्रिज घेऊन जा.

एमटी स्टेटस बघ, ड्राइव्ह तयार आहे का आणि घनता बरोबर ओळखतो का. मग एमटीएक्स पॅकेजमधलं टेपइन्फो चालव. स्मार्टसीटीएलही चालतं, ते टेपअलर्टचे झेंडे (ड्राइव्हने दिलेले इशारे) दाखवतं. २० नंबरचा झेंडा लागला असेल तर त्याचा अर्थ ‘आत्ता साफ करा’. नुसता तो असेल तर घाबरू नको, क्लीनिंग कार्ट्रिज घालून पुन्हा बघ. साफ केल्यावरही लगेच परत लागला तर उठून घरी ये.

त्यानंतर निदान शंभर-दोनशे जीबी लिही आणि वाचून चेकसम (डेटा बदलला नाही ना हे सांगणारा आकडा) जुळव. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याने लिहिलेली कार्ट्रिज दुसऱ्या एलटीओ-६ ड्राइव्हमध्ये वाचून बघ. हेड किंचित वाकडं झालेला ड्राइव्ह स्वतःचं लिहिलेलं स्वतः झकास वाचतो, जगात दुसरा कुणी ते वाचू शकत नाही. जुना ड्राइव्ह घेताना लोक इथेच फसतात.

सारंग_पु (रवि, रात्री ८:५०)

उशीर झाला, शनिवारी मुंबईला जाऊन आलो.

विक्रेत्याकडे मशीन होतं. स्टेटस व्यवस्थित. टेपइन्फोमध्ये क्रॉनदादांनी सांगितलेला तोच २० नंबर! विक्रेता म्हणाला, ‘वो तो सबमें आता है।’ त्याच्याकडची क्लीनिंग कार्ट्रिज घातली, झेंडा उतरला. मग २०० जीबी फुटेज लिहिलं, वेग १५० च्या आसपास टिकला. वाचून शा-२५६ चेकसम जुळवलं, जुळलं, झेंडा परत आला नाही. पण झेंड्याच्या नावाने घासाघीस करून ३८ हजारांवर आणला आणि घेतला.

शहाण्यांचंही थोडं ऐकलंय. चालू वर्षाचं काम हाताशी लागतं, त्यासाठी एक मोठी डिस्क घेतली. दोन वर्षांपेक्षा जुनं सगळं टेपवर, टारने, वर्षवार. प्रत्येक कार्ट्रिजच्या फाइलींची यादी चेकसमसकट सर्व्हरवर, आणि छापून डब्यात. दुसरा संच सोलापूरला मामाकडे. तिथली हवा रेवदंड्याच्या मानाने कोरडी. नानांचा रकाना वहीत आखलाय, दर गणपतीच्या सुट्टीत प्रत्येक डब्यातली एक कार्ट्रिज वाचायची.

क्रॉनदादांनी सांगितलेली दुसऱ्या ड्राइव्हवरची चाचणी मात्र राहिली. पुण्यात कुणाकडे एलटीओ-६ किंवा ७ आहे का?

रेवदंडेकर (रवि, रात्री ९:०४)

सोलापूरला मे महिन्यात ४० च्या वर पारा जातो. वरचा २५ अंशांचा आकडाही तुझ्यासाठीच लिहिला होता.

सारंग_पु (रवि, रात्री ९:०९)

मामांच्या देवघरात एसी आहे. खरंच आहे.

चक्रम_शेट (रवि, रात्री ९:१२)

देवघरातल्या एसीवर वेगळा धागा हवा.

मिडनाइट_क्रॉन (रवि, रात्री १०:३०)

माझ्याकडे घरी जुना एलटीओ-७ आहे, ६ वाचतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पुढच्या शनिवारी ये. दोन कार्ट्रिज आण: एक आत्ता लिहिलेली, एक अगदी शेवटपर्यंत भरलेली, कारण वाकडेपणा कधीकधी टोकालाच दिसतो. ब्लॉकचा आकार चिठ्ठीवर लिहून आण. आणि दोन्हींची लाल कडी घरीच सरकव. हा ड्राइव्ह ६ वर लिहितोही, आणि माझ्या क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) शनिवारची सुट्टी कळत नाही.